फिलाडेल्फियापासून आमच्या मागे लागलेली बाई

परत आल्यापासून सोसायटीतल्या बायका मला लिफ्टमध्ये गाठून विचारतात, "नायगारा कैसा था?" आम्ही नायगारा पाहिलाच नाही म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात. मग गेलात तरी कशाला, असं त्या उघड म्हणत नाहीत, पण मला ऐकू येतं. मी सांगते, की आम्ही एक तडा गेलेली घंटा पाहिली, एक लढाईचं मैदान पाहिलं, डोंगरावरचं एक जुनं घर पाहिलं. तोपर्यंत त्यांचा मजला येतो. खरी हकिगत लिफ्टमध्ये सांगण्यासारखी नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी दिल्लीत पहाडगंजमधल्या एका बँकेच्या शाखेतून निवृत्त झाले. चेकवरची सही आमच्याकडच्या नमुन्याशी जुळते की नाही हे बघण्यात माझा जन्म गेला. शाखेच्या दाराबाहेर दिवसभर स्टेशनवरून उतरलेल्या लोकांना 'होटल चाहिए, सर?' म्हणत घेरणारी माणसं उभी असत. आत खोट्या सह्या, बाहेर खोटी हॉटेलं. अशा ठिकाणी आयुष्य काढल्यावर माणूस गोड बोलणाऱ्यावर पटकन विश्वास ठेवत नाही. आमचे हे मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. आम्ही राहतो त्या द्वारका वसाहतीपासून मानेसरपर्यंत कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी जगाचा इतिहास वाचून काढला. त्यामुळे अमेरिकेला जायचं ठरल्यावर धबधबा आणि उंच इमारती त्यांनी परस्पर रद्द केल्या. आमचा मुलगा निनाद बाल्टिमोरला नोकरीला आहे. पस्तिशीला आलाय आणि लग्नाचं नाव काढत नव्हता. तो म्हणाला, "बाबा, मी गाडीनं फिरवतो तुम्हाला. पाच दिवस. सगळं हिस्टॉरिकल." एवढ्या आनंदानं म्हणाला, की मला तिथेच शंका आली.

बाल्टिमोर

शंकेला पहिला आधार त्याच्या फ्रीजरमध्ये सापडला. निळ्या झाकणाचे तीन-चार डबे होते. उघडून बघते तर तपकिरी रश्शात भेंडी. निनादनं लहानपणी भेंडीला कधी हात लावला नाही. 'बुळबुळीत आहे' म्हणून ताटाच्या कडेला सारायचा.

"हे काय रे?"

"भेंडीचं आहे काहीतरी. ऑफिसमधून मिळालं."

"तुमच्या ऑफिसात भेंडी वाटतात?"

"अगं, कोणीतरी दिलं. मस्त लागतं, खाऊन बघ."

खाऊन बघितलं. भेंडी, टोमॅटो, कोळंबी आणि भरपूर मिरी. खरंच मस्त होतं, आणि बाजारचं नव्हतं. एका माणसाच्या हातची चव होती ती.

मराठीत 'दिलं' म्हटलं, की देणारी बाई होती की बाप्या ते कळत नाही. दोन दिवस मी ऐकत होते. 'कोणीतरी सुचवलं', 'कोणीतरी सांगितलं', 'तसं ठरलंय'. दिल्लीत वाढलेल्या मुलांचं मराठीत लिंग चुकतं. माझा भाचा अजून 'माझा शाळा' म्हणतो. निनाद मात्र कधी चुकत नसे. आता तो चुकण्याची वेळच येऊ देत नव्हता. वाक्यातून माणूसच काढून टाकत होता.

"अहो, हा काहीतरी लपवतोय," मी ह्यांना म्हटलं.

हे नकाशा बघत होते. "तुला सगळेच काहीतरी लपवताना दिसतात."

फिलाडेल्फिया

स्वातंत्र्याची घंटा पाहायला तिकीट नाही, पण रांग मोठी असते आणि सामानाची तपासणी असते. आमच्या मेट्रो स्टेशनवर असते तशीच, फक्त इथे मागून कोणी ढकलत नव्हतं. प्रत्येकजण पुढच्यापासून हातभर लांब उभा. दिल्लीत एवढी जागा सोडली, तर तिच्यात दोन माणसं येऊन उभी राहतील. माझ्या पिशवीतल्या स्टीलच्या डब्यावर सिक्युरिटीवाला अडून बसला. शंकरपाळे होते. "हे काय आहे?" "खायचं आहे." "आत खाता येणार नाही." "खात नाहीये, बाळगते आहे." आमचं चांगलंच वाजलं.

तेवढ्यात माझ्या मागे एक उंच, कृष्णवर्णीय बाई येऊन उभी राहिली. वय माझ्याएवढंच. आभाळ निरभ्र होतं, तरी हातात जांभळी छत्री, काठीसारखी टेकवलेली. ती माझ्या डब्याकडे बघत होती. नुसती बघत नव्हती, तपासत होती. मी खांद्यावरची पर्स पुढे घेऊन पोटाशी धरली. तिनं नजर दुसरीकडे वळवली.

घंटा मात्र बघण्यासारखी आहे. केवढी मोठी फट! ह्यांनी तिच्याजवळच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवत अर्धा तास काढला. मला राहून राहून वाटत होतं, की फुटलेली वस्तू फुटलेली म्हणूनच एवढी जपायची, हे आपल्याला जमलं नसतं. आपण एव्हाना नवी ओतून घेतली असती.

बाहेर पडल्यावर निनाद म्हणाला, "थांबा ना दहा मिनिटं. घाई काय आहे?" आणि स्वतः गायब झाला. परत आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं. दुपारी जिथे तिथे गाईच्या मांसाचं सँडविच, म्हणून आम्ही मशरूमचं मागवलं. त्यानं त्यातलं निम्मंही खाल्लं नाही.

गेटिसबर्ग

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या लढाईचं मैदान म्हणजे मला वाटलं होतं, पानिपतसारखं एक स्मारक आणि बाग असेल. दिल्लीहून पानिपत जवळ, म्हणून पाहुणे आले की आम्ही तिथे जाऊन येतो. इथे मात्र पूर्ण मुलूखच तसाच ठेवलाय. शेतं, दगडी बांध, लाकडी कुंपणं आणि मधूनमधून तोफा. रस्त्यानं गाडी चालवत थांबत थांबत जायचं. एका बांधापाशी हे उतरले आणि समोरच्या उघड्या शेताकडे बघत राहिले.

"या मोकळ्या शेतातून चालत आली पोरं," ते म्हणाले, "समोरून गोळ्या येत असताना. आणि दोन्ही बाजूंची भाषा एकच."  निनाद त्यांच्या शेजारी उभा होता. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "मी पाणी घेऊन येतो."

तो टेकडीच्या वळणामागे गेला. मीही चार पावलं पुढे गेले, तर खाली वाहनतळावर जांभळी छत्री! तीच बाई. शेजारी तिच्यासारखीच उंच एक तरुण मुलगी, पिवळ्या कुडत्यात. चंदेरी गाडीला टेकून दोघी उभ्या.

निनाद परत आला. पाणी नव्हतं.

"अहो, ती बाई! घंटेपाशी माझ्या मागे होती. आपला पाठलाग होतोय."

"अगं, आग्र्याला दिसलेले फॉरेनर जयपूरला पुन्हा दिसतात की नाही? सगळे एकाच रस्त्यानं फिरतात."

"जयपूरचे फॉरेनर माझा डबा तपासत नाहीत."

रात्री उतरलो त्या हॉटेलात सकाळचा नाश्ता आपला आपण करून घ्यायचा होता. तिथे वाफल करायचं एक यंत्र. त्यात पीठ ओतायचं, झाकण लावायचं आणि अख्खं उलटं फिरवायचं. मी घावनाच्या अंदाजानं पीठ ओतलं आणि फिरवल्याबरोबर ते चारी बाजूंनी टेबलावर आलं. मी कागदानं पुसायला लागले, तोच एक लांब हात पुढे आला. कालची पिवळ्या कुडत्यातली मुलगी!

"मी करते, मला याची सवय आहे," ती इंग्रजीत म्हणाली. तिनं सगळं पुसलं, पेला घेतला, पीठ ओतता ओतता माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बस?"

मी "बस" म्हणून गेले आणि मग थबकले. अमेरिकन मुलगी 'बस' म्हणाली! तिचं तिलाही कळलं असावं, कारण तिच्या हातून पेला निसटता निसटता राहिला. तिनं आपलं नाव जॉय सांगितलं, प्रवास छान होवो म्हणाली आणि निघून गेली. निनाद कोपऱ्यात कॉफीच्या यंत्रापुढे आमच्याकडे पाठ करून उभा होता. रिकामा कप हातात धरून.

वाफल कुरकुरीत झालं होतं. मी ते खाल्लं, पण मला ते गोड लागलं नाही. नवी दिल्ली स्टेशनवर कोणी न मागता सामान उचलायला आलं की वाटतं ना, तसं वाटत होतं.

मॉन्टिचेलो

दक्षिणेकडे व्हर्जिनियात उतरलं, की डोंगर निळे आणि मऊ होत जातात. तिथल्या एका टेकडीच्या माथ्यावर अमेरिकेच्या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षांचं घर आहे. विटांचं, घुमटाचं, देखणं. पायथ्याशी गाडी ठेवून बसनं वर जायचं. आमचा गाइड पांढऱ्या केसांचा आणि फार सरळ बोलणारा होता. 'सर्व माणसं समान' असं लिहिणाऱ्या माणसाच्या या घराच्या विटा कोणी भाजल्या, जेवण कोणी रांधलं, कोणाची मुलं विकली गेली, हे त्यानं आवाज न चढवता सांगितलं.  घर बघून झाल्यावर हे आणि निनाद भाजीच्या मळ्याकडे गेले. माझा गुडघा दुखत होता, म्हणून मी खाली गुलामांच्या खोपटांच्या ओळीपाशी झाडाखालच्या बाकावर बसले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला जांभळी छत्री होती.

आता उठून जाणं म्हणजे हार. मी बसून राहिले. तीही हलली नाही. शेवटी मी तोंड उघडणार तोच ती माझ्याकडे वळली. पुढचं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. माझं बँकेतलं, तिचं लांबवत सैल सोडलेलं. आठवतं तसं मराठीत देते.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही आमच्या मागे का लागला आहात?"

"मी? मीच तुम्हाला हे विचारणार होते!"

"घंटेपाशी तुम्ही होतात. मैदानावर तुम्ही टेकडीवरून आमच्याकडे बघत होतात. हॉटेलात तुम्ही. आता इथे. मी कोर्टाच्या दारावर लोकांच्या पिशव्या तपासायचं काम करत होते. चेहरे मी विसरत नाही."

"मी बँकेत सह्या तपासत होते," मी म्हटलं. "मीही विसरत नाही."

 तिनं आपलं नाव लोरेटा सांगितलं. ती आणि तिची मुलगी जॉय, दोघीच फिरायला निघाल्या होत्या. मुलगीच म्हणाली होती, मम्मा, या वेळी आपण दोघीच जाऊ.

"तुमच्या मुलीला 'बस' हा शब्द कोणी शिकवला?" मी विचारलं.

"कोणता?"

"ओतताना म्हणते तो. पुरे या अर्थानं."

लोरेटाच्या कपाळावर आठी पडली. "वर्षभर म्हणते आहे. मला वाटायचं, तरुण पोरांचं काहीतरी नवीन असेल."

"आणि भेंडी? कोळंबी घालून भेंडी कोण करतं?"

"मी करते. माझ्या आईची पद्धत आहे ती." ती सावकाश बोलत होती आता. "जॉय डबे भरभरून घेऊन जाते. मी म्हटलं, एकटी बाई एवढी भेंडी खाते कशी?"

"निळ्या झाकणाचे डबे?"

"निळ्या झाकणाचे."

बाकावरून खालचा मळा दिसत होता. आमचे हे एका टोकाला पाटी वाचत होते. दुसऱ्या टोकाला, वेलाच्या मांडवाआड, निनाद आणि जॉय उभे होते. ती काहीतरी ठासून सांगत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता. मग तिनं हात पुढे केला आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. एवढंच. पण त्या हाताला ती सवय होती, हे इतक्या लांबूनही कळत होतं.

मला हसू फुटलं. लोरेटा हसली नाही.

"मला वाटलं होतं, ही ट्रिप माझ्यासाठी आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "एक सांगू? घंटेच्या रांगेत तुम्ही मला बघितलं आणि पर्स पोटाशी घेतलीत."

"मी दिल्लीची आहे. तिथे आम्ही सगळ्यांसमोरच—"

"माझ्या आधी तुमच्या मागे दोन गोरी पोरं उभी होती, तुम्ही डब्यावरून अडलात म्हणून ती पुढे गेली. ती होती तेव्हा पर्स खांद्यावर लोंबत होती."

 समोरच्या खोपटाचं दार उघडं होतं आणि आत लोक वाकून वाकून बघत होते.

"तुमचा मुलगा आईबापांना माझ्या मुलीबद्दल सांगायला घाबरतो," लोरेटा उठत म्हणाली. "का घाबरतो, ते मला आता कळलं. पण अशा घाबरणाऱ्या माणसाच्या हाती मी माझी मुलगी का देऊ, ते मला कळत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत तो काही बोलला नाही, तर परवा सकाळी आम्ही घरी जाणार. तोपर्यंत तुम्ही कोणाला काही बोलू नका. मला त्याला स्वतःहून बोलताना बघायचंय."

मी कबूल केलं आणि छत्री टेकवत ती निघून गेली.

विल्यम्सबर्ग

इथे एक अख्खं गावच दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचं करून ठेवलंय. लोहार खरोखर लोखंड तापवतो, केसांचे टोप बनवणारा टोप बनवतो, रस्त्यात कोणी टोपी काढून वाकून नमस्कार करतं. सूरजकुंडच्या मेळ्यात कारागीर बसतात तसंच, पण इथे कोणी विकायच्या मागे नव्हतं. ते फक्त जुने लोक असल्याचं सोंग करत होते. आमच्या गाडीतही तेच चाललं होतं. निनाद काही घडलं नसल्याचं सोंग करत होता, मी काही माहीत नसल्याचं. फक्त आमचे हे खरोखरचे आनंदात होते.

मी दुपारपर्यंत धीर धरला. लोरेटाला कबूल केलं होतं खरं, पण संध्याकाळ जवळ येत होती आणि मुलगा माझा होता. आल्याचा केक घेऊन आम्ही तिघं एका झाडाखाली बसलो, तेव्हा मी म्हटलं, "निनाद, जॉय कुठे आहे?"

"कोण जॉय?"

"जिनं मला वाफल करून दिलं."

"अच्छा, ती? ती तर..." तो थांबला.

"'ती' म्हणालास. बरं वाटलं ऐकून."

"कोण ती?" ह्यांनी केक खाली ठेवला.

मग सगळं बाहेर आलं. दीड वर्ष झालं होतं. जॉय एका इस्पितळात फार्मसिस्ट आहे. निनाद पाठदुखीचं औषध आणायला गेला होता, ती तिथून सुरुवात. या प्रवासात दोन्ही घरं सहज भेटल्यासारखी भेटतील, ओळख होईल, मग सांगता येईल, ही कल्पना निनादची. जॉयला ती पहिल्यापासून पटली नव्हती. तरी ती आली, आणि तिनं सांगून ठेवलं होतं, की ट्रिप संपायच्या आत तू बोल, नाहीतर मला यात राहायचं नाही.

"मग बोलला का नाहीस?" ह्यांनी विचारलं.

"घंटेपाशी बोलणार होतो, बाबा. बिल्कुल पक्कं केलं होतं. जॉयची मम्मा तुझ्या मागे आणि जॉय तिच्या मागे, अशा रांगेत येऊन उभ्या राहिल्या, मी लांबून बघत होतो." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. "आई, तू पर्स ओढलीस. जॉयनं बघितलं. मीही बघितलं. त्यानंतर माझी जीभच वळेना, यार."

इतके दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवून होते. तो माझ्यावर ठेवून होता, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

 हे म्हणाले, "आपण याला असं कसं वाढवलं, की एवढं सांगायला त्याला लढाईच्या मैदानापर्यंत यावं लागलं आणि तिथेही सांगता आलं नाही?" ते चिडले नव्हते. फार दुखावले होते. केक तसाच राहिला. समोरून तीन कोनांची टोपी घातलेला एकजण आम्हाला वाकून नमस्कार करून गेला.

"लोरेटाला सगळं कळलंय," मी निनादला म्हटलं. "तिचा प्रश्न आहे, घाबरणाऱ्या माणसाला मुलगी का द्यायची. उत्तर मी द्यायचं नाही."

निनाद उठला, फोन काढला आणि आमच्यासमोरच, लांब न जाता, बोलला. "जॉय? सांगितलं. हो, दोघांना. उद्या सकाळी मला तुझ्या मम्माशी बोलायचंय."

जेम्सटाउन आणि पलीकडे

इंग्रजांची या देशातली पहिली टिकलेली वस्ती जेम्स नदीच्या काठावर होती. आता तिथे एका चर्चचा जुना मनोरा, काही पाये आणि रुंद शांत नदी एवढंच आहे. याच नदीच्या मुखाशी आफ्रिकेतून पकडून आणलेली पहिली माणसं उतरवली गेली. ती पाटी ह्यांनी वाचली आणि या वेळी मोठ्यानं वाचून दाखवली नाही.

लोरेटा आणि जॉय आमच्या आधी आल्या होत्या. ओळख झाली. ह्यांनी सवयीनं नमस्कार केला, जॉयनं उलट नमस्कार केला आणि लोरेटानं त्या दोघांकडे संशयानं बघितलं. मी जॉयला बाजूला घेतलं.

"त्या दिवशी रांगेत मी जे केलं, ते तू बघितलंस. ते चुकीचं होतं. सवय म्हणून सोडून दे असं मी सांगणार नाही."

जॉयनं लगेच 'काही हरकत नाही' म्हटलं नाही, ते मला आवडलं. ती म्हणाली, "निनाद म्हणायचा, आई सगळ्यांवर संशय घेते. मला ते गमतीचं वाटायचं. समोर बघितल्यावर गंमत वाटली नाही."

"मलाही आता वाटत नाही," मी म्हटलं.

नदीपलीकडे जायला गाड्या वाहून नेणारी फेरीबोट आहे. तिचं भाडं नाही कळल्यावर हे हट्टच धरून बसले. फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार असं मला वाटलं, पण खरंच कोणी काही मागितलं नाही. आमच्या दोन्ही गाड्या एकामागे एक चढल्या. बोट सुटल्यावर सगळे खाली उतरून कठड्यापाशी आले. वर समुद्रपक्षी ओरडत होते. बोटीवरून कोणाला कुठे जाता येणार नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच निनादनं ती जागा निवडली.

"मिस लोरेटा," तो म्हणाला.  "मी तुमच्या मुलीला लपवलं नाही. मी स्वतः लपत होतो. तिला माझ्यामुळे जे वाटलं, त्याची मला लाज वाटते. मला तिच्याशी लग्न करायचंय. आणि आता हे माझ्या आईबाबांसमोर बोलतोय."

लोरेटानं छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कोर्टाच्या दारावर लपवणारे मी रोज बघायचे," ती म्हणाली. "आज उघडून दाखवलंस, ठीक आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही." मग पलीकडचा काठ जवळ आल्यावर तिनं हुकूम सोडला, "जॉय, तू त्याच्या गाडीत जा. हे दोघं माझ्या गाडीत. मला यांच्याशी बोलायचंय."

तर अशी मी त्या चंदेरी गाडीत बसले. लोरेटा चालवत होती, मी शेजारी, हे मागे. दोन्ही बाजूंना भुईमुगाची शेतं.  मैलभर गेल्यावर तिनं विचारलं, "ही बातमी सांगायला सगळ्यात अवघड माणूस कोण आहे तुमच्या घरात?"

"विमलताई," मी आणि हे एकदमच म्हणालो. विमलताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आमच्याच सोसायटीत राहतात आणि घरातल्या प्रत्येक लग्नात शेवटचा शब्द त्यांचा असतो.

"लावा फोन. मला ऐकू येईल असा."

दिल्लीत जेवणाची वेळ होती. ताईंनी लगेच उचलला. मी एका दमात सांगून टाकलं, निनादचं ठरतंय म्हणून.

"अच्छा! चलो, सुटलो बाई एकदाचे. अमेरिकन का? गोरी ना?"

"नाही, ताई. काळी आहे. आणि तिची आई माझ्या शेजारी बसून गाडी चालवते आहे."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाल्या, "अगं, एवढ्या लांब अमेरिकेत जाऊन हीच मिळाली का त्याला? लोकांना काय सांगायचं आपण?"

लोरेटानं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "काय म्हणाल्या?"

मागून ह्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. मला कळलं, ते काय सुचवत होते. 'खूप आनंद झाला म्हणाल्या' एवढं एक वाक्य पुरलं असतं. भाषा आमची, तिला कुठून कळणार होतं? मी जे ऐकलं होतं ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. 'हीच मिळाली का' तेही आणि 'लोकांना काय सांगायचं' तेही.

 भुईमुगाचं एक अख्खं शेत गेलं.

"त्यांना सांगा," लोरेटा म्हणाली, "की मीसुद्धा जरा उंच मुलगा शोधत होते."

खोटं नव्हतं ते. जॉय निनादपेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. मी तेही तसंच्या तसं मराठीत सांगितलं.  मग विमलताईंचा आवाज आला.

"काय गं, ही बाई कोण आहे? हिला दिल्लीला घेऊन ये. मला बोलायचंय हिच्याशी."